आधी हात शेक

भाऊजींचा, म्हणजे शैलजाताईच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा गॅसवर तवा होता आणि तव्यावर ओव्याची पुरचुंडी. रविवारची सकाळ. शैलजाताई नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होती, त्यामुळे आमचं रानात जाणं बंदच होतं, तरी हात सवयीने तव्याकडे गेला होता. "गेली गं शैलजा," एवढंच ते म्हणाले. ओवा करपल्याचा वास घरभर झाला तेव्हा मला गॅस बंद करायचं सुचलं.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी नवऱ्याच्या नोकरीमागून पुण्याहून आइंडहोवनला आले, तेव्हा ताईला इथे येऊन वीस वर्षं झाली होती. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. मी घरात बसून कुढतेय हे तिने पहिल्या भेटीतच ओळखलं आणि दुसऱ्या आठवड्यात मला चक्क तिरंदाजीच्या क्लबात नेऊन उभं केलं. धनुष्यबाणाने शिकार करायला या देशात बंदी आहे, म्हणून हौशी लोक गावाबाहेरच्या रानात झाडांआड फोमची रानडुकरं नि हरणं उभी करतात आणि त्यांच्यावर नेम धरतात. ताई पक्की शाकाहारी. बाण हरणाच्या बरगडीत बसला की आनंदाने ओरडायची आणि मग बाण उपसताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. मी हसले की म्हणायची, "हस, हस. तुला अजून डुक्कर दिसतसुद्धा नाही."

इथल्या थंडीत नेमाआधी हात जातात. जाड हातमोजे घालावेत तर दोरी कधी सुटली ते बोटांना कळत नाही. न घालावेत तर दहा मिनिटांत बोटं आपली राहत नाहीत. क्लबातले डच लोक दुकानातून आणलेल्या गरम पुड्या खिशात ठेवायचे. ताईने मात्र आपल्याकडे सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाला शेकतात तशी ओव्याची आणि जाड्या मिठाची पुरचुंडी काढली. तिची लाल खणाच्या तुकड्यात बांधलेली, माझी जुन्या पंचाच्या. निघताना तव्यावर खरपूस तापवायची, लोकरीच्या मोज्यात घालायची आणि खिशात टाकायची. "बोटं नको शेकूस, मनगट शेक. नाडीपाशी ऊब लागली की बोटं आपोआप येतात," हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं की पुढे मीच नव्या लोकांना शहाणपणाने सांगायला लागले. हात गार पडले की काय करायचं, हे एवढं एकच मला या देशात नीट येत होतं.

मग ती साथ आली. हिवाळ्यात सगळे हॉल बंद झाले, पण बाहेर मोकळ्यावर दोघांना परवानगी होती. दीड मीटर अंतर ठेवून आम्ही दोघीच रानात जायचो. माझी पुरचुंडी थंड झाली की ती आपली लांबून माझ्याकडे फेकायची. त्या दिवसांत मी हसले असेन ते तिथेच.

त्यानंतर आधी भाऊजींना ताप आला, मग तिला. भाऊजी एका खोलीत झोपून, ती दुसऱ्या. पाचव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा, थोडा दमलेला. तिच्या बहिणीने पुण्याहून ऑक्सिमीटर पाठवला होता, तो बोटाला लावून बसली होती. "मेघा, एटी-एट दाखवतंय गं. नखंही जरा निळसर वाटतायत. हाउसआर्ट्सना फोन करू का?"

हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. हो म्हणायला मला एक क्षण लागला असता. पण बोट गार असलं की ते यंत्र चुकीचं दाखवतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं, आणि गार हातांतलं मला कळतं याचा मला केवढा ताठा! मी म्हटलं, "ताई, तुझे हात गार असतील. आधी हात शेक, मग लाव."

तिने ऐकलं. नेहमी मी तिचं ऐकायचे, त्या दिवशी तिने माझं ऐकलं. तव्याचा आवाज मला फोनवर आला. थोड्या वेळाने म्हणाली, "नाइन्टी-वन! चढलं बघ." मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं? आता पड जरा." दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अॅम्ब्युलन्सने नेलं.

ओळखीच्या एका डॉक्टरीण बाईंना मी हे सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, आदल्या दुपारी नेलं असतं तर वाचली असती की नाही, ते सांगता येणार नाही. त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. पण "नाही वाचली असती" असं त्या म्हणाल्या नाहीत… आणि मला रोज तेवढंच ऐकू येतं.

अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, माणसं मोजकी. चित्र मधेच थांबायचं आणि भाऊजींची पाठ तशीच पडद्यावर राहायची. नंतर त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी दारातूनच एक पिशवी पुढे केली. हॉस्पिटलने परत दिलेलं ताईचं सामान त्यांनी लावून ठेवलं होतं. त्यातली लाल खणाची पुरचुंडी त्यांनी या पिशवीत घातली होती. "हे तुमच्या बाणांच्या खेळातलं ना? तूच ठेव. अॅम्ब्युलन्समध्ये चढतानाही मुठीत धरून होती. मी म्हटलं, ठेव ती इथे. तर म्हणाली, मेघा सांगते तसं केलं की आकडा चढतो."

मी "हो" म्हणाले आणि पिशवी घेतली. त्या दुपारच्या फोनचं त्यांना सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही, नंतरही झालं नाही. म्हणून इथे लिहिलंय. भाऊजी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात.

पुरचुंडी तव्याच्या शेजारी फळीवर आहे. ओव्याचा वास अजून येतो. या थंडीत माझे हात रोज गार पडतात. मी ते तसेच राहू देते.