कुत्रा बांधलेला आहे

अफगाणिस्तानातलं युद्ध सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. अमेरिकेत हर्नडनला आमची कंपनी तिथल्या लष्करासाठी पश्तो भाषांतराचा प्रोग्रॅम बनवत होती. आमच्यातल्या एकालाही पश्तो येत नव्हती, पण त्यावाचून कुणाचं अडत नव्हतं. अडलंच तर एक पठाण बाई होत्या. साठीच्या, घरदार सोडून इकडे आलेल्या. मी त्यांना काकू म्हणायचो, त्या मला बेटा.

कंदाहारच्या बाजारातल्या कॅसेटी ऐकून काकू त्यांचं इंग्रजी करायच्या आणि मी बनवलेल्या फॉर्मवर सही करायच्या. फॉर्मात मजकुराचे तीनच प्रकार होते: बातमी, सूचना, धमकी. एकदा एका कॅसेटवर बायकांचा टप्पा, म्हणजे पश्तो लोकगीत, निघाला. दोनच ओळी: ‘दिवा विझवलाय, डोंगराच्या वाटेने ये, कुत्रा मी केव्हाच बांधून ठेवलाय.’

आमचा पुणेरी टीम लीड त्यावर तासभर मीटिंग घेऊन बसला. दिवा म्हणजे चौकी, कुत्रा म्हणजे पहारेकरी! अकलेचे नुसते तारे.

‘अहो, प्रियकराला बोलावतेय ती,’ काकू म्हणाल्या.

‘कवीचं नाव?’ लीडने विचारलं.

‘नसतं. बायकाच रचतात. राजे गेले, सरहद्दी परक्यांनी आखल्या. आम्ही पठाण आहोत ते या टप्प्यांमुळे. याला धमकी म्हणून मी सही करणार नाही.’

सही नाही तर नोकरी नाही, लीडने सांगितलं.

काकू माझ्या टेबलापाशी आल्या. ‘बेटा, गाणं असा एक प्रकार टाक ना.’

पाच मिनिटांचं काम होतं. मी लीडकडे पाहिलं.

‘यार, स्कोप वाढवू नकोस,’ तो म्हणाला. माझा व्हिसा त्याच्या हातात होता.

‘रिक्वायरमेंटमध्ये नाही, काकू,’ मी म्हणालो. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलं आणि निघून गेल्या.

पाडव्याला मराठी मंडळात लीडच्या बायकोने पुठ्ठ्याचं जातं फिरवत ओव्या म्हटल्या. लीड माइकवर गहिवरला. ‘मंडळी, या ओव्यांना कवी नाही! आपल्या मातीतल्या बायकांनी रचल्यात. हीच आपली ओळख!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. कवीचं नाव कुणी विचारलं नाही. श्रीखंडाने चिकट झालेल्या हातांनी निर्लज्जासारख्या मीही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ऑफिसात त्या टप्प्याचा फॉर्म उघडून पाहिला. कवी: अज्ञात. प्रकार: धमकी. खाली भाषांतरकाराची सही होती, माझी. काकू गेल्या त्याच दुपारी लीडने सांगितली आणि मी केली होती, पश्तोचं एक अक्षर येत नसताना.