गोकर्णाचे हात

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या बहिणीचे हात पाठीमागं बांधले. भर वर्गासमोर. जळगाव जामोदच्या शाळेत.

गोकर्णा जन्मापासून बहिरी. आमच्या गावच्या, सोनाळ्याच्या गुरुजींनी तिला पहिलीतच घरी पाठवलं होतं. "घेऊन जा हिले. भिंतीले शिकवू का मी?" असं म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं, हिला मी शिकवीन. कसं, ते माहीत नव्हतं. महाराष्ट्र नवा होता. आमच्या वस्तीतून पदवीपर्यंत गेलेली मी पहिलीच. पदवीनंतर मूकबधिर मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम शहरात आहे असं कळलं. गेले.

तिथं पहिल्याच आठवड्यात कळलं, माझं तोंडच चुकीचं आहे. शिक्षकाच्या ओठांकडे बघून बहिऱ्या मुलानं बोलायला शिकायचं, अशी तिथली पद्धत. "तुमच्या ओठांवरून मूल काय उचलणार? मले आणि तुले?" सर म्हणायचे. वर्ग हसायचा. मीही हसायचे. रडू दिसू नये म्हणून.

मग अभ्यासक्रमाचं शिबिर आमच्याच भागात, जळगाव जामोदला निघालं. सर म्हणाले, "तुमची बहीण आणा प्रात्यक्षिकाला." मला वाटलं, आता तिला कुणीतरी शिकवील. माय तिला एस.टी.नं घेऊन आली. वेणीला लाल फीत. मला बघताच गोकर्णा हातांनी बोलायला लागली. आमची घरची बोली. वेणी ओढली की मी. कपाळाला बोट लावलं की माय. चिमटीनं हवेतून काही वेचलं की कापूस. भराभर सांगत होती, वाटेत काय काय पाहिलं ते.

म्हणून बांधले हात.

"हे माकडचाळे बंद झाले की तोंड उघडतं," सरांनी वर्गाला सांगितलं. तिच्या ओठांपुढं कागदाची पट्टी धरली. "म्हण. पा." श्वासानं पट्टी हलायला हवी. हलली नाही. "पा!" गोकर्णानं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं होतं तिला. नुसते खांदे हलत होते. मग गळ्यातून एक आवाज निघाला. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

दाराशी बसलेली माय उठली. सरांना विचारायची तिची हिंमत नव्हती. मला विचारलं.

"काय चोरलं बाई तिनं? तिचे हात काऊन बांधले?"

कानाच्या पडद्यापासून आतल्या नसांपर्यंत सगळं मला पाठ होतं. त्यात हात बांधायचं कारण कुठंच नव्हतं. बसून राहिले. सरांचं 'पा' चालूच होतं. गोकर्णाच्या परकरावर ओल उतरली, तेव्हा उठले.

गाठ निघेना. दातांनी सोडवली.

"तुमचा निकाल माझ्याकडे आहे, विसरू नका," सर म्हणाले.

"ठेवा सर तुमच्यापाशी. पन हे हात मी नाई बांधू देत."

नापास झाले. त्याचं काही नाही. पण त्या दिवशी घरी जाताना एस.टी.त मी माझी वेणी ओढून दाखवली, कपाळाला बोट लावलं. गोकर्णा हात मांड्यांखाली दाबून बसली होती. खिडकीबाहेर बघत. आता कुणी परकं दिसलं की तिचे हात आपोआप मागं जातात. बांधायला कुणी लागत नाही. कितीदा मी ते पुढं ओढले. पुन्हा मागं जातात. हे मला दुरुस्त करता आलं नाही. माझ्या कुठल्याच पुस्तकात याचा इलाज नाही.

दुसऱ्या वर्षी परत परीक्षेला बसले. समोर एक लहान पोरगी आणली. सर म्हणाले, "आधी हात." मी म्हटलं, "नाई बांधनार." पुन्हा नापास.

माय म्हणते, "सोड आता. दुसरं काही कर."

सोडत नाही. यंदा परत बसते आहे. सर तेच आहेत, पद्धत तीच आहे. मी निघून गेले तर त्या खोलीत लेकराच्या बाजूनं एकही माणूस उरत नाही. म्हणून जाणार. सर म्हणतील, हात बांधा. मी नाही म्हणीन. नापास करा. पुढच्या वर्षी मी तिथंच उभी असेन.