अनवट धोंडे

माझ्या सासऱ्यांनी एकदा स्वतःच्या मनगटावरचे चालू घड्याळ काढून मला दिले, आणि त्याला कारण माझे एक विशेषण होते.

मी उमरग्याला वाचनालयात नोकरीला होतो. कोशात एखादा आडवळणाचा शब्द सापडला की खिशात गुळाचा खडा असल्यासारखा दिवसभर जपायचा आणि संधी मिळताच बोलण्यात वापरायचा, हे माझे व्यसन. (त्यापरीस तंबाखू परवडली असती, असे माझी बायको शालिनी म्हणे. ती गेल्या वर्षी गेली.)

लग्नानंतर पहिलाच धोंड्याचा महिना आला, तेव्हा सासुरवाडीला माकणीत जावयाला जेवणाचे बोलावणे आले. पुरणाचे धोंडे शालिनीने स्वतः केले होते. मी पहिला घास घेतला तेव्हा ती पदराला हात पुसत दारात उभी होती.

"जावईबापू, कसं झालंय?" सासूबाईंनी विचारले.

सकाळीच सापडलेला शब्द जिभेवर तयार होता. "अनवट!" (म्हणजे दुर्मीळ, सहसा न मिळणारे.)

पंगत थांबली. त्या घरात एक पक्का समज होता. जावई पुस्तकी बोलायला लागला की तो रुसला! थोरल्या जावयाने म्हणे "आपली आज्ञा असावी" एवढ्याच वाक्यावर सायकल मिळवली होती.

"पाव्हणं रुसलं गं," सासरे हळूच म्हणाले.

"छे! मी नितांत संतुष्ट आहे."

"लईच रुसलं!"

सासूबाईंनी वाटीभर तूप ओतले. मी "पर्याप्त, पर्याप्त!" म्हणालो, तर मेहुण्याने आपला नवा सदरा आणून मांडीवर ठेवला. "हे सर्वथा अप्रस्तुत आहे," म्हणालो मात्र, सासऱ्यांनी घड्याळच काढले!

शालिनी वाढायच्या निमित्ताने वाकून पुटपुटली, "अवो, लई झ्याक झालंय म्हणा की एकदा. आई रडायला लागली."

झ्याकच झाले होते. पण इतका साधा शब्द, आणि तोही सगळ्यांदेखत? मी मुकाट्याने घड्याळ बांधून घेतले.

परतताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. "धोंडे म्या केले हुते," एवढेच म्हणाली.

पुढे धोंड्याचे कितीतरी महिने आले. रसनीय, आस्वाद्य, अपूर्व, सगळे म्हणून झाले. झ्याक तेवढे राहून गेले.

यंदा आमच्या जावयाला जेवायला बोलावले. आई नाही, म्हणून धोंडे मुलीनेच केले, अगदी आईच्या हातचे वाटावेत असे. घास घेतला आणि तोंडातून निघून गेले, "लई झ्याक झालंय."

मुलीच्या हातातली पळी तशीच राहिली. "बाबा, काय होतंय तुम्हाला? असं कधी बोलत न्हाय तुम्ही!"

अर्ध्या तासात मी दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, जीभ बघितली आणि विचारले, "कसं वाटतंय?"

"यथास्थित," मी म्हणालो.

मुलीला एकदम हायसे वाटले. शालिनी असती तर तिने डॉक्टरांना आधी त्यांच्या मनगटावरचे घड्याळ सांभाळायला सांगितले असते.