वस्तराकाकांनी घेतलेली लस

वस्तराकाकांना दुकान नाही. ज्यांना जिना उतरवत नाही अशा अठरा म्हाताऱ्यांची दाढी ते घरी जाऊन करतात. माझे वडील, दादा, त्यांतले एक. वय एकोणऐंशी, जोडीला जुना दमा.

काकांचा हात हलका, जीभ मात्र वस्तऱ्याहून धारदार. फ्लूची लस आली की तेच घरोघर आठवण करायचे. "पासष्टीच्या पुढचे, दम्याचे, साखरेचे, हृदयाचे, सगळ्यांनी घ्यायची. गेल्या वर्षीची यंदा चालत नाही." शेजारच्या गरोदर सुनेलाही त्यांनीच दवाखान्यात धाडलं. स्वतः मात्र घ्यायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला काय धाड भरलीय? त्रेपन्न वर्षांत अंथरूण धरलं नाही." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

दाढी झाली की मानेवरचे केस ते फुंकरीने उडवायचे. ब्रशने म्हाताऱ्यांची कातडी चुरचुरते, असं त्यांचं म्हणणं. त्या मंगळवारी त्यांचं नाक वाहत होतं, डोळे लाल होते. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही, याचा राग मला अजून येतो. काकांनी नेहमीसारखी फुंकर मारली.

शुक्रवारी दादांना ताप भरला. मग सहा दिवस ऑक्सिजनवर. मी पार हादरले होते. "लस घेतलेली होती, नाहीतर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. "यांच्या जवळ कोण कोण येतं? त्यांनीही घ्यायला हवी." हे मी काकांना फोनवर ऐकवलं, तोंडाला येईल ते बोलून. त्याच आठवड्यात त्यांच्या आणखी चार घरांत ताप होता. कुणी कुणाला दिला हे छातीठोक कोण सांगणार? काकांनी मात्र सगळं स्वतःच्या माथ्यावर घेतलं.

दादा घरी आले त्या दिवशी काका दाराबाहेरच उभे राहिले. वस्तऱ्याची पेटी आणलीच नव्हती.

"आज सकाळी लस घेतली मी," ते म्हणाले. "पण तुम्ही दुसरा माणूस बघा. आता कोणत्या तोंडानं आत येऊ?"

खरं सांगायचं तर मलाही दुसराच माणूस हवा होता.

दादांनी पलंगावरून विचारलं, "लस लागू पडायला किती दिवस लागतात?"

"पंधरा."

दादांना आयुष्यात दोन दिवसांची दाढी सहन झालेली नाही. त्यांनी गालावरच्या पांढऱ्या खुंटांवरून हात फिरवला.

"मग वाढवतो पंधरा दिवस," ते म्हणाले. "सोळाव्या दिवशी या."