रामटेके काकांना कोणीच फोन केला नाही

रामटेके काका तीन दिवस जिमला आले नाहीत, आणि आमच्यापैकी एकानेही त्यांना फोन केला नाही.

काल त्यांना शेवटचा निरोप दिला.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. बायको गेल्यावर एकटेच राहायचे.
लकडगंजातल्या आमच्या जिममध्ये रोज सकाळी सहाला हजर. फुलपँट, वर पट्टा, आणि तसेच ट्रेडमिलवर!

मी इथे येण्याआधी तीन जिम सोडल्या होत्या. वर्षाची मेंबरशिप घ्यायची, पंधरा दिवस जायचं, मग अलार्म बंद करून झोपायचं.
इथेही तेच करणार होते. दोन दिवस दांडी मारली आणि तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"काहून नाही येऊन राहिली वं मनीषा?"
"पाय दुखून राहिले काका."
"दुखू दे. मशीनले हात नको लावू. नुसती येऊन बस. पण ये."

गेले. खरंच बाकावर बसून राहिले, घाम गाळणाऱ्यांकडे बघत. दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी बसून बसून मलाच कंटाळा आला आणि मी उठले.

त्याला अडीच वर्षं झाली.

माझी शुगर आटोक्यात आली तेव्हा ऑफिसात सगळ्या विचारायच्या, डाएट कोणता गं?
डाएट-बिएट काही नाही. सकाळी सकाळी त्या माणसाला खोटं सांगायची लाज वाटायची, एवढंच.

असे फोन ते सगळ्यांना करायचे. एकदा मी चिडून म्हटलं, काका, तुम्हाला दुसरं काम नाही का?
ते हसले.
"आमच्या प्लांटमदी माणूस शिफ्टले नाही आला, तर आधी कोणीतरी त्याच्या क्वार्टरवर जाऊन पाहे. गैरहजेरी मंग लावत."

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. कौतुकही केलं होतं.

मागच्या सोमवारी काका आले नाहीत. पुण्याला मुलीकडे गेले असतील, कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मंगळवारी तर, खरं सांगते, मला बरं वाटलं.
टोकणारं कोणी नाही म्हणून मी स्क्वॉट्स गाळले आणि वीस मिनिटं गप्पा मारल्या.

बुधवारी वाटलं, करू या फोन. मग वाटलं, कोणीतरी केलाच असेल.
आम्ही एवढे जण. प्रत्येकाला हेच वाटलं.

बुधवारी दुपारी शेजाऱ्यांनी दार तोडलं. काका बाथरूमजवळ पडलेले. श्वास चालू होता.
शनिवारी गेले.

आधी कळलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

काल त्यांची मुलगी सुजाता माझा हात धरून रडली. पहिल्यांदाच भेटत होतो आम्ही, पण तिला माझं नाव माहीत होतं. माझ्या गुडघ्याचं दुखणंसुद्धा माहीत होतं.

"मंगळवारी मी फोन लावला ताई, बाबानं उचलला नाही. मले वाटलं, जिमले असन. तुम्ही एवढे सारे होते ना तिथं. काही झालं असतं तर तुम्ही मले कळवलंच असतं. म्हणून मी निर्धास्त होती."

मी तिला जवळ घेतलं. "हो" म्हणाले.
हो म्हणाले मी!

सुजाता, तुझी फ्रेंड रिक्वेस्ट आली आहे. ती स्वीकारायच्या आधी हे लिहिते आहे, कारण तोंडावर सांगायला मला जमलं नाही.
आम्ही विचारपूस केलीच नव्हती गं. तू आमच्या भरवशावर होतीस आणि आम्ही एकमेकांच्या.
हे वाचून तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

काका, तुम्हाला शेवटचा जय भीम.
माफ करा, असं म्हणायचाही हक्क उरला नाही.