मिठागरातल्या बाईचे डोळे

माझ्या मामाला कुठलीही वस्तू दाखवली की तो आधी तोंड वाकडं करायचा आणि मग बघायचा. पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपती कारखान्यात त्याने जन्मभर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी केली. डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. तोवर मूर्ती कितीही देखणी असो, मालकाने हौसेने दाखवली तरी मामा म्हणायचा, "अजून मातीच हाय."

माणसांनाही तोच न्याय. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहून तो आईला म्हणाला, "नाक बरं हाय." बाकीच्याबद्दल चकार शब्द नाही. नवरा ते अजून विसरलेला नाही.

रोह्याला फ्लॅट घेतला तेव्हा हॉलसाठी मी मुंबईच्या एका प्रदर्शनातून फ्रेम केलेलं चित्र आणलं. छापील, पण मोजक्याच प्रतींतलं, खाली चित्रकाराची पेन्सिलीने केलेली सही. मिठागरात डोक्यावर पाटी घेतलेली बाई, आणि तिचा चेहरा मुद्दाम कोरा ठेवलेला. त्या कोऱ्या चेहऱ्याचा अर्थ मी येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायची. मला तो कळला होता अशातला भाग नाही.

एकदा मामा कारखान्यातून थेट माझ्याकडे आला. चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला.

"हिला डोळे कुनी दिले नाय?"

"मामा, ती कला आहे. ते तसंच असतं."

"घरात बिनडोळ्याचं ठेवू नये गो."

मी चहा टाकायला गेले. कप घेऊन येते तो मामा खुर्चीवर उभा. पिशवीतली बारीक कुंचली आणि काळा रंग काढून त्याने काचेवर त्या बाईचे दोन्ही डोळे आखून टाकले होते.

माझं डोकंच फिरलं. "आयुष्यभर साच्यातले गणपती रंगवलेस, तुला चित्रातलं काय कळतं?" असं कुणी बोलू नये. मी बोलले.

त्याने रंगाच्या बाटलीला झाकण लावलं. "काचेवरच हाय. ओल्या फडक्यानं पूस, जाईल." चहा न घेता तो पेणची एसटी पकडून गेला.

पुन्हा तो माझ्या घरी आला नाही. मीही बोलावलं नाही. तोंड वाकडं करणं आमच्या घरात एकट्या मामाकडेच नव्हतं. गेल्या माघात तो वारला, आणि माफी मागायची राहून गेली.

दिवाळीत मी घरातल्या सगळ्या काचा पुसते, ती एक सोडून. चित्रकाराची सही आता धुळीत दिसेनाशी झाली आहे. डोळे मात्र दिसतात. पाहुण्यांना चित्राचा अर्थ सांगायला मी तोंड उघडलं की ती बाई थेट माझ्याकडे बघते, आणि मी अजून मातीच आहे हे तिला कळतं.