पाणी बघणाऱ्या मामांचा नारळ

अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते मी. नवी गाडी घेतली तेव्हा सुधीर, म्हणजे माझा नवरा, चाकाखाली लिंबू ठेवायला निघाला होता. मी त्याच लिंबाचं सरबत करून त्याला पाजलं! तर अशी मी बाई आज हे लिहायला बसले आहे... हसायचं तर खुशाल हसा.

लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. आम्ही बीड बायपासच्या पलीकडे, सातारा परिसरात नवीन फ्लॅट घेतला होता. इमारती भराभर उठत होत्या, नळाचा मात्र पत्ता नव्हता. बारा फ्लॅटला एक बोअर, तोही आटलेला. टँकर आला की हौद भरायचा, नाही आला की भांडणं.

त्यातच माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली. सुपारीपेक्षा मोठी. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली – 'निश्चित सांगता येत नाही.' सुईनं नमुना घेतला – 'नमुना अपुरा.' परत घेतला – परत तेच. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता मोठ्या सुईनं बायोप्सी करू. सोमवारी या."

तीन आठवडे मी अशी लटकलेली. पोरांनी पेपरात 'बहुतेक' लिहिलं की मी मार्क कापते, आणि इथं माझ्याच गाठीचं उत्तर 'बहुतेक'! अहो, हो म्हणा, नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा! फार घाबरले होते मी. वर्गात आवाज खणखणीत, आणि घरी बाथरूममध्ये दहादा हात लावून बघायची. सुधीरखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं.

शनिवारी सोसायटीचे चेअरमन जोशीकाका पाचोडहून एका पाणी बघणाऱ्याला घेऊन आले – नव्या बोअरची जागा दाखवायला. माणिकमामा नाव. सत्तरीचे, लाल फेटा, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते जागेवरून चालायचे. खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो म्हणे. मी मीटिंगमध्ये याविरुद्ध एवढी भांडले होते की काका म्हणाले, "मॅडम, तुम्हीच फिरा त्यांच्यासोबत. पकडा चोरी."

फिरले. पार्किंगच्या कोपऱ्यात मनगट बघायला मी त्यांच्या अगदी जवळ सरकले, आणि नारळ उभा राहिला. "हितं. लई पाणी हाय," मामा म्हणाले. काकांनी लगेच चुन्याची फुली मारली. मी मनात म्हटलं, मनगट हलवतोय म्हातारा, दुसरं काय!

पण ऊन मी मी म्हणत होतं, म्हणून त्यांना चहाला वर घरी नेलं. दुसरा मजला बरं का, खाली जमीन नाही. चहा उकळेपर्यंत मला काही राहवेना.

"मामा, द्या तो नारळ. मी पण उभा करून दाखवते."

डाव्या तळहातावर ठेवला. सुधीर समोर दात काढत बसलेला. मनगट हलवायचा विचार करतच होते, तेवढ्यात... नारळ आपला आपण शेंडी वर करून उभा! उजव्या हातावर घेतला – आडवा. परत डाव्या – उभा.

मामांनी तो स्वतःच्या हातावर घेतला. "बाई, मागं सरका." मी सरकले, नारळ आडवा झाला. जवळ आले, उठला. मामांचा चेहरा गंभीर झाला.

"हे जमिनीतलं नाय. तुमच्यातलं हाय. डाव्या अंगाला काय होतंय का?"

सुधीरचं हसू पार गेलं. मी म्हटलं, "गाठ आहे, मामा. कसली ते कुणालाच कळत नाही." आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडले.

"रडू नका, लेकी. पाणी हाय त्यात. दगडावर माजा नारळ उठत नाय."

"मग सोमवारी दवाखान्यात नको जाऊ?"

मामा चिडलेच. "आसं कुठं आसतंय व्हय? म्या निस्ती जागा दावतो. खोदणारा येगळा. जायाचं म्हंजे जायाचं!" आणि बशीत ओतून चहा प्यायले.

सोमवारी गेलो. मॅडमनी सोनोग्राफीत बघत सुई घातली आणि थबकल्या. "अहो, हे तर पाणी आहे!" गढूळ, घट्ट पाण्यानं सिरिंज भरली आणि स्क्रीनवरची गाठ बसत गेली. "घट्ट झालं होतं, बारीक सुईत चढलं नसणार," त्या म्हणाल्या. तरी तुकडा तपासायला पाठवलाच. रिपोर्ट स्वच्छ आला. मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, लोकांसमोर, सुधीरच्या गळ्यात पडले. तो म्हणाला, "चल, लिंबू सरबत पाजतो."

गाठीचं कारण मॅडमनी सांगितलं. नारळाचं कोण सांगणार? माझ्या तपासण्यांची फाइल कॉलेजच्या कपाटात होती, मामांना वाचता येत नव्हतं. शहागंजातून दहा नारळ आणून मी प्रयोग केले – डावा हात, उजवा हात, भरलेल्या बादलीवर. एकही उठला नाही. पंधरा दिवस घरात नुसत्या नारळाच्या वड्या! आजही मला उत्तर माहीत नाही. दर वर्षी तपासणीला मात्र न चुकता जाते.

आणि सोसायटीचा बोअर? फुलीवर तीनशे फूट खणलं, नुसता फुफाटा निघाला. पुढच्या मीटिंगमध्ये जोशीकाका म्हणाले, "मॅडम, तुमचंच खरं. त्या मामांना पाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, आता भाषण ऐकावं लागणार म्हणून. माझा हात आपोआप डाव्या बाजूला गेला.

"काय हो, बरं वाटत नाही का?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका," मी म्हटलं, "अगदी बरं वाटतंय."